सारख्या वाढणाऱ्या पेशी

सबनीस पोहे चघळत म्हणाले, “मुलगी पसंत आहे. हिच्या पेशींपासून प्रयोगशाळेत कितीही वेळा यकृत वाढवलं, तरी प्रत्येक सारखंच निघतं. माझ्या पेशींचं एकदा जमतं, दहादा नासतं.”

“म्हणजे लग्न मुलाशी आणि यकृत तुम्हाला?” ऋजुताने विचारलं.

“सुनेच्या पेशी कायद्याने चालतात, बाळ. आणि आमची बाटली काही सुटत नाही.” त्यांनी सुटलेल्या पोटावरून तेलकट हात फिरवला. मुलगा मोबाइलमध्ये बघत हसला.

ऋजुता उठून उभी राहिली. “मला हे लग्न करायचं नाही,” म्हणत तिने बाबांकडे पाहिलं.

बाबांनी नजर चुकवली, सबनीसांच्या बशीत आणखी पोहे वाढले आणि धाकटीला हाक मारली, “सावनी, चहा तू घेऊन ये गं. तुझा पेशींचा रिपोर्टही आण.”