थोरलीच्या मापाचे बाण

पुढे सरकून बसा, बापहो, एका धाकट्या लेकीची गोष्ट ऐका. तिरंदाजीच्या निवडचाचणीसाठी बाबांनी तिला नवे बाण करून दिले होते. एकेक काचेवर फिरवून सरळ केलेला, काट्यावर तोललेला. तरी सरावाचे सगळे बाण डावीकडेच गेले. तिने एक वाकवून पाहिला, वाकेना. तिच्या हलक्या धनुष्याला लवचीक बाण लागायचा, इतका ताठ थोरलीच्या जड धनुष्याला. थोरली देवाघरी जाऊन महिना झाला, तरी बाबांचे हात तिच्याच मापाने चालले होते. “जुने घे, नाहीतर निवड जाईल! घोड्याचं खोगीर शेळीवर कशाला?” प्रशिक्षक दबक्या आवाजात खेकसले. “जमलेत ना गं?” कठड्यापलीकडून बाबांनी विचारलं. “झकास, बाबा.” तिला रडूसुद्धा येईना. नेम उजवीकडे सरकवून तिने नवाच बाण सोडला. मधोमध रुतला. बाबा हसले. बापहो, देवाचं नाव घ्याल तेव्हा त्या थोरलीचंही घ्या.