चोशीची मैफल

“ही मैफल झालीच नव्हती,” नवी रेकॉर्ड गल्ल्यावर ठेवत त्सुकागोशी म्हणाला. “आणि हे मी छातीठोकपणे सांगतो, हात्सुए-सान. कारण ती मीच रचली होती.”

हात्सुएचा कप पुसणारा हात थांबला. योकोहामातलं हे तळघरातलं जॅझचं कॉफीघर ती तीस वर्षं चालवत होती. गिऱ्हाइकांच्या बऱ्याच थापा तिने ऐकल्या होत्या, पण मैफल रचणारा माणूस तिला पहिल्यांदाच भेटत होता.

गोष्ट १९७४ सालची. वेंडेल प्रूइट ह्या अमेरिकन सॅक्सोफोनवाल्याने आपल्या वाद्याला विजेच्या तारा जोडल्या तेव्हा निम्म्या चाहत्यांनी नाकं मुरडली. उरलेल्या निम्म्यांत त्सुकागोशी होता. तो हाताने छापलेलं एक पत्रक काढायचा. त्यात प्रूइटच्या प्रत्येक मैफलीची आणि रेकॉर्डची यादी असायची. त्याच्याच वर्गातला कुरोइवा दुसरं पत्रक काढायचा, आणि आठवड्याभरात तीच यादी तिकडे उमटायची. वैतागून त्सुकागोशीने सापळा लावला. प्रूइटच्या जपान दौऱ्याच्या यादीत त्याने एक खोटी ओळ घुसवली: १७ नोव्हेंबर, दुपारी बारा, चोशी बंदर, मच्छीमार संस्थेचं सभागृह. कुरोइवाने ती जशीच्या तशी उचलली. पुढच्या अंकात त्सुकागोशीने त्याला उघड चोर म्हटलं, पण कुठली ओळ खोटी ते गुपितच ठेवलं आणि पुढच्या चोरांसाठी ती यादीत तशीच राहू दिली.

त्यानंतर काही पत्रं आली. ‘आम्ही चोशीला होतो, काय वाजवलं हो त्याने!’ त्सुकागोशीने ती केराच्या टोपलीत टाकली. कुरोइवाचेच चमचे, दुसरं कोण असणार? पुढे तर चोशी ही त्याची कसोटीच झाली. चोशीची मैफल ऐकली असं जो म्हणेल तो थापाड्या. असे अकरा जण त्याने आयुष्यातून वजा केले होते. त्यात एक सख्खा मेव्हणाही होता.

पन्नास वर्षांत प्रूइटच्या त्या काळातलं जे जे बाहेर आलं ते त्याने जमवलं. जुन्या रेकॉर्ड, त्यांच्या नव्या आवृत्त्या, कंपन्यांच्या कपाटांतून निघालेल्या टेपा, प्रेक्षकांत बसून चोरून केलेली ध्वनिमुद्रणं. तारीख छापण्याआधी कंपन्या त्याला विचारत. ह्या वेळी मात्र विचारलं नव्हतं. वेष्टणावरच्या कागदी पट्टीवर ठळक ‘चोशी, १७ नोव्हेंबर’ होतं, आणि आत तारखेबद्दल त्याच्याच यादीचे आभार मानले होते.

“रेकॉर्ड बनावट आहे असं कंपनीला लिहायचं, तर यादीतली ओळ खोटी होती हेही लिहावं लागणार,” तो म्हणाला. “मग बाकीच्या ओळींवर कोण विश्वास ठेवेल? पण त्याआधी ऐकायचंय. टेप कुठल्यातरी गावची असणारच. कुठली ते मी ओळखतो.”

“बसा तर. नियम ठाऊक आहे ना?”

रेकॉर्ड वाजत असताना बोलायचं नाही, हा तिथला नियम. कुरोइवा नेहमीसारखा दाराजवळ बसला होता. दोघं वीस वर्षं ह्याच खोलीत दोन टोकांना बसत. बोलायची बंदीच असल्यामुळे त्यांचा अबोला कुणाच्या लक्षातही आला नव्हता.

सुई टेकली. त्सुकागोशीने पेन्सिल काढली. सूर प्रूइटचाच, त्यात शंका नव्हती. मग ओसाका? नाही. सप्पोरो? तेही नाही. ह्या ड्रमवाल्याने एवढं मोकळं कधीच वाजवलं नव्हतं. मधेच दूर कुठेतरी बोटीचा भोंगा वाजला आणि प्रूइटने तोच सूर उचलून त्यावर दहा मिनिटं काढली. त्सुकागोशीची पेन्सिल कागदावर नुसतीच टेकून राहिली. जमवलेल्या सगळ्या रेकॉर्डींत इतकं सुंदर काही नव्हतं.

बाजू संपली. हात्सुए रेकॉर्ड उलटून सावकाश पुसू लागली.

“हे मी कधीच ऐकलेलं नाही,” त्सुकागोशी पुटपुटला.

“ऐकशील कुठून?” दाराजवळून कुरोइवा म्हणाला. “तू आला नव्हतास.”

पन्नास वर्षांतलं हे पहिलं वाक्य.

“ही टेप तुझी?”

“माझीच. कोटाखाली यंत्र लपवलं होतं.”

“पुरे झाल्या थापा! चोशीला मैफल ठरलीच नव्हती.”

“नव्हतीच. मी तुझी यादी चोरली, लोकांनी माझं पत्रक वाचलं आणि दोनशे माणसं चोशीला जाऊन उभी राहिली. सभागृहाला हे एवढं कुलूप! वारा असा की कान गळून पडतील. शेवटी संस्थेच्या चिटणीसाला दया आली. त्याने तोक्योतल्या हॉटेलला फोन लावला. प्रूइटची त्या दिवशी सुट्टी होती. ‘माणसं आलीत ना? मग मी येतो,’ म्हणाला. चार वाजता वाद्यं घेऊन हजर.”

“मग कुठे छापून कसं नाही आलं?”

“त्याचा आयोजकांशी करार होता. बाहेर फुकट वाजवलं हे कळतं तर दौराच बंद. त्याने हात जोडले, म्हणाला, गप्प राहा. आम्ही राहिलो. टेपही आता ते आयोजक उरले नाहीत म्हणून कंपनीला दिली. तेव्हा फक्त तुला कळवलं, तुझी यादी अपुरी राहू नये म्हणून. मीही लिहिलं होतं.”

“ते मी न उघडताच फेकलं,” त्सुकागोशी म्हणाला. त्याला रडू आलं आणि ते लपवावं असंही त्याला वाटलं नाही.

“होतास कुठे रे त्या दिवशी?”

“घरी. तुम्ही सगळे कुलपासमोर कुडकुडत असाल म्हणून दिवसभर हसत होतो.”

हात्सुएने ओठांवर बोट ठेवलं आणि दुसरी बाजू लावली. दोनशे माणसं टाळ्या वाजवू लागली. सतरा नोव्हेंबरला चोशीला मैफल नाही, हे अख्ख्या जपानात एकट्या त्सुकागोशीलाच माहीत होतं.