इंदूची साक्ष

पासवर्ड जाऊन दहा वर्षं झाली होती. संगणक आता माणसाला आवाजावरून, बोलण्याच्या ढबीवरून ओळखत. पण अर्धांगवायूनंतर यशोधरा गावंडेंची जीभ जड झाली आणि त्यांचा स्वतःचाच संगणक त्यांना म्हणाला, "ओळख पटली नाही." रानातल्या बियाण्यांची तीस वर्षांची टिपणं आत अडकून पडली.

आता एकच वाट उरली होती. पूर्वी नोंदवलेल्या जिवलग माणसाने समोर बसून साक्ष द्यायची. नोंदीत नाव होतं मैत्रीण इंदूचं, आणि दोघींत नऊ वर्षं अबोला होता.

निरोप मिळताच इंदू अकोल्याहून आली आणि संगणकासमोर बसली.

"या यशोधरा गावंडेच आहेत का? हवं ते विचारून खात्री करून घ्या," संगणक म्हणाला.

इंदूने एकच विचारलं. "पांढरा रानतीळ पहिल्यांदा कुणाला सापडला?"

तो आपल्यालाच सापडला, असं यशोधराबाईंनी प्रबंधात छापलं होतं. भांडण त्यावरूनच झालं होतं. त्यांचे ओठ बराच वेळ नुसतेच हलत राहिले. मग शब्द फुटला. "तुला."

इंदू खिडकीबाहेर बघत राहिली.

"उत्तर जुन्या नोंदीशी जुळत नाही," संगणक म्हणाला.

"नोंद चुकीची आहे," इंदू म्हणाली. "बाई तीच आहे."

पडदा उजळला. यशोधराबाईंनी डाव्या हाताने रानतिळाचं पान उघडलं आणि स्वतःचं नाव खोडून तिथे एकेक अक्षर लिहायला घेतलं.

"दू दीर्घ आहे," इंदू म्हणाली आणि खुर्ची जवळ ओढून बसली.