रायफलीचा बोल्ट

कारखानीसांनी संगीन, चामडी पट्टा आणि तेलाची पितळी कुपी सतरंजीवर मांडली. जुन्या लष्करी रायफलींची किंमत ठरवणं हा त्यांचा धंदा होता. गेल्या वर्षी ते सुभेदारांच्या याच घरी आले, तेव्हा रायफलीला बोल्टच नव्हता, आणि बोल्टशिवाय गोळी सुटत नाही. कुठं गेला विचारल्यावर सुभेदारांच्या बायकोनं चहा पुढे केला होता. बाई दिवाळीत गेल्या. आता मुलाला रायफल विकायची होती.

आज बोल्ट जागेवर होता. त्यावरचा नंबरही रायफलीच्या नंबराशी जुळत होता.

"सुभेदार, नशीब काढलंत! किंमत दुप्पट झाली. सापडला कुठं?"

"पिठाच्या डब्यात, पार तळाला." सुभेदार भिंतीकडे बघत होते. "लढाईवरनं आलो तवा माझं डोस्कं ठिकाणावर नव्हतं. तवाच तिनं लपवला असंल. मी कवा डब्यात हात घातलाच न्हाई. परवा भाकरी करायला बसलो."

कारखानीसांनी बोल्ट मागे ओढला. त्याच्या खाचेत अजून पीठ होतं. आतून एक जिवंत काडतूस उडालं आणि सतरंजीवर घरंगळलं. गेल्या वर्षी रायफल रिकामी होती. सुभेदारांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

कारखानीसांनी काडतूस खिशात घातलं. मग बोल्ट काढून पिशवीत टाकला.

"हा तपासायला पुण्याला न्यावा लागेल," ते खोटंच बोलले.

"न्या की." सुभेदार पहिल्यांदाच हसले. "तिनंबी मला हेच सांगितलं हुतं, पाव्हणं. बोल्ट पुण्याला गेलाय म्हणून."