फळ्याकडे तोंड

शिक्षकयंत्राला मुलांची शंका ओठांवर येण्याआधीच चेहऱ्यावर दिसे आणि ते ती तत्परतेनं सोडवून टाके. त्यामुळे वर्गात कुणी कुणाशी बोलत नसे आणि अपूर्णांक कुणालाच येत नसत. हयातभर शाळेत गणित शिकवून आता या यंत्राच्या कंपनीत आलेल्या घोलपबाईंनी एकच सुधारणा सुचवली होती. यंत्रानं अधूनमधून डोळे-कान मिटून फळ्याकडे तोंड करावं. आज चाचणी होती. ती फसली, तर बाईंची नोकरी जाणार होती.

मुलांना अपूर्णांकांची बेरीज देऊन यंत्र फळ्याकडे वळलं. कुजबुज सुरू झाली.

“मॅडम, कॉपी चाललीय!” काचेआडून पाहणारा इंजिनिअर ईशान हादरला.

“चालू द्या,” बाई म्हणाल्या.

“अगं, छेद सारखे कशाला करायचे?” एका मुलीनं विचारलं.

“यंत्र करतं म्हणून,” शेजारीण म्हणाली.

“हॅट! अर्धी पोळी नि पाव पोळी कशी मोजशील? आधी अर्धीचे दोन पाव कर,” मागून तिसरी म्हणाली.

“म्हणजे तीन पाव!” पहिली किंचाळलीच.

ईशाननं काचेला कान लावला. बाईंच्या कानातल्या इअरफोनमधून यंत्राचा नम्र आवाज आला, “बाई, आता वळू?”

“इतक्यात नको. तारीख लिही. सावकाश.”