डब्यातला आवाज

पुन्हा डब्यातूनच आवाज आला. देवाचं नाव घेऊन त्याने लॅपटॉप बंद करून परत चालू केला होता, स्वतःचं रेकॉर्डिंग लावलं होतं, आणि आतून तोच पत्र्याचा, नाकात बोलणारा माणूस त्याने वाचलेली कथा वाचत होता. स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, झालं का? होत आलंय, असं त्याने सांगितलं. हे उत्तर तो महिनाभर देत होता.

नुसता गाणी ऐकण्याचा प्रश्न असता तर त्याने कधीच नाद सोडला असता. विमा कंपनीच्या ऑफिसात लोक त्याला 'रेडिओ' म्हणत. निरोप समारंभ असो की शोकसभा, माइक त्याच्याच हातात यायचा, आणि तो बोलायला लागला की साहेबसुद्धा चहा ढवळायचे थांबायचे. निदान त्याला तरी तसं दिसायचं. आता पुस्तकं रेकॉर्ड करणाऱ्या एका कंपनीने आवाजाचे नमुने मागवले होते, आणि याने थेट नोकरीवर पाणी सोडायचं ठरवून टाकलं होतं. राजीनामा लिहून तयार होता. घोडं अडलं होतं बायकोपाशी. उद्यापासून सगळा संसार लॅबमधल्या तिच्या पगारावर चालायचा होता, त्यामुळे तिचं म्हणणं रास्तच होतं. एकदा मला नीट ऐकू दे, मग मी हो किंवा नाही सांगते.

आणि नीट तर ऐकूच येत नव्हतं. जुना लॅपटॉप रखडायला लागला म्हणून त्याने मोठ्या हौसेने विंडोज काढून त्यावर लिनक्स टाकलं होतं, आणि फुकटात लॅपटॉप नवा झाल्याचं ऑफिसात भेटेल त्याला सांगत सुटला होता. लॅपटॉप पळायला लागला हे खरं, पण त्याचा घसा बसला. बायको दोन मिनिटं ऐकायची आणि म्हणायची, तू चांगला वाचत असशीलही, पण यावर काही कळत नाही रे. हेडफोन लावले की तिचं डोकं उठायचं. त्याने स्वतः हेडफोनवर ऐकून पाहिलं होतं, पण तेही शेवटी लिनक्समधूनच येतंय म्हणून सोडून दिलं होतं. मोबाइलवर ऐकवणं त्याला कमीपणाचं वाटायचं. आणि सरळ बाहेरचा स्पीकर आण म्हटलं की त्याच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

मग त्याने इंटरनेटवर लिनक्सवाल्यांच्या फोरमवर प्रश्न टाकला. एकाने ड्रायव्हर बदलायला सांगितलं. दुसऱ्याने पहिल्याला मूर्खात काढलं. तिसऱ्याने कळवलं की मला असा काही त्रास नाही. शेवटी त्याच्याच मॉडेलच्या लॅपटॉपवाल्या एका भल्या माणसाचं उत्तर आलं. या लॅपटॉपला चार स्पीकर आहेत, त्यातले दोन छोटेच लिनक्सला दिसतात, मोठे दोघे झोपलेले असतात. एका फाइलमध्ये एक ओळ वाढव, म्हणजे तेही उठतील. मग इक्वलायझरच्या पट्ट्या खालीवर करून आवाज जुळव. आणि तो जुळवताना एखाद्या कसलेल्या वाचकाचं रेकॉर्डिंग लाव, स्वतःचं लावू नकोस, कारण आपला कान नेहमी आपल्याच बाजूने बोलतो.

त्याने ओळ वाढवली. एका नावाजलेल्या वाचकाचं रेकॉर्डिंग शोधून काढलं. योगायोगाने याने स्वतः रेकॉर्ड केलेलीच कथा त्यातही होती, ती लावली.

खोलीत खरोखर कुणी येऊन बसल्यासारखं वाटलं. शब्दाच्या तळाशी खर्ज होता, विरामात श्वास होता. दोन-चार पट्ट्या खालीवर केल्यावर तर आवाज असा भरला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. महिनाभराचे कष्ट फळाला आले होते. आता तिला बोलवायचं, त्याआधी फक्त एकदा आपलं ऐकून घ्यावं, म्हणून त्याने स्वतःची फाइल लावली.

पुन्हा डब्यातूनच आवाज आला.

त्याने सेटिंग तपासलं. चारही स्पीकर जागे होते. पुन्हा वाचकाला लावलं, खोली भरून गेली. पुन्हा स्वतःला लावलं, तोच नाकातला माणूस घाईघाईने शब्द गिळत होता. साहेबांचा चहाचा चमचा त्याला आठवला आणि कानशिलं गरम झाली. आता कशाची आशा होती देव जाणे, पण त्याने तिसऱ्यांदा वाचकाचं रेकॉर्डिंग लावलं आणि या वेळी ते थांबवलं नाही. हात मांडीवर ठेवून तो ऐकत बसला.

बायको ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. नायक घर सोडून निघतो तो प्रसंग चालू होता. तो संपेपर्यंत ती हलली नाही. मग पदराला हात पुसत आत आली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तू वाटतच नाहीस रे," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू, मला आत्तापर्यंत धीर होत नव्हता. आता होतोय. उद्याच देऊन टाक राजीनामा. घराचं मी बघते."

हे शब्द ऐकण्यासाठीच त्याने महिना घालवला होता. नुसतं गप्प बसलं तरी पुरलं असतं. त्याने वर तिच्या तोंडाकडे पाहिलं. इतक्या कौतुकाने ती त्याच्याकडे कधी पाहत नसे, आणि त्याला रडू यायच्या बेतात होतं. त्याने हळूच आवाज बंद केला.

"एवढ्यात नको," तो म्हणाला. "स्पीकर अजून नीट झालेला नाही."