वेल्डिंगला दिलेला कोन

"हितेशभाई, संध्याकाळी नाही, आत्ताच्या आत्ता पाहिजे," साइट इंजिनिअर अस्मिता म्हणाली.

कॅम्प चारमधल्या आपल्या वर्कशॉपात हितेश कुणाचं तरी गेट जोडत बसला होता. ते बाजूला सारून त्याने तिने आणलेलं पत्र्याचं भांडं उलटंसुलटं करून पाहिलं. वर तोंड लहान, खाली मोठं, दोन्हीकडून उघडं. खाली पाय देऊन उभं राहायला दोन पट्ट्या, त्यातली एक तुटून लोंबत होती.

"ये क्या है मॅडम, इलेक्शनचा भोंगा?"

"काँक्रीट तपासायचा कोन आहे. यात काँक्रीट भरायचं, कोन अलगद वर उचलायचा आणि ढीग किती खाली बसतो ते मोजायचं. त्याला स्लम्प म्हणतात. काँक्रीटच्या गाडीत पाणी जास्त घातलं असेल तर ढीग पिठल्यासारखा पसरतो."

"और तोडा किसने?"

काय सांगणार, कपाळ! साइटवर हा कोन सगळ्या कामांना चाले, एक तपासणी सोडून. कुणी त्यात झाडू खोचून ठेवी, कुणी त्यावर बसून तंबाखू मळी. नवा मागितला तर बिल्डर शेठ म्हणाले, "एक पट्टीच तर गेलीये, दुसरी आहे ना?" आणि हे सगळे शहाणे मिळून बुवापाड्यातल्या जुन्या चाळीच्या जागी इमारत बांधत होते. चाळीतल्याच माणसांना त्यात घरं मिळायची होती. अस्मिताच्या आईला, सुंदराबाईंना, दुसऱ्या मजल्यावर. आज टाकायचा होता तो स्लॅब नेमका आईच्या डोक्यावरचा.

म्हणून सकाळी तिने सुपरवायझर विक्रांतला बजावलं होतं, मी येईपर्यंत एकही गाडी खाली करायची नाही. विक्रांत "हो मॅडम" म्हणाला होता. तो कशालाही "हो मॅडम"च म्हणायचा. स्टोअरमधून ती कोन घेऊन निघाली, हे मात्र कुणाच्या लक्षातही आलं नाही. तो लागतो कुणाला?

हितेशने काच डोळ्यांपुढे धरली. ठिणग्या उडाल्या. तेवढ्यात फोन वाजला.

"मॅडम, गाडी लवकर आली," विक्रांत सांगत होता. "शेठ बोलले माल सुकेल, थांबू नका. म्हणून चालू केलं. पण तुम्ही टेन्शन नाय घ्यायचं. स्लम्प काढला मी. एकदम ओके."

अस्मिताने समोर पाहिलं. हितेश हातोडीने वेल्डिंगची खपली काढत होता.

"किती आला?"

"शंभर एमएम. रिपोर्ट लिहून ठेवलाय, खाली फक्त तुमची सही."

"कोन हलला नाही ना? दोन्ही पट्ट्यांवर पाय दिला होतास?"

"एकदम घट्ट दाबून, मॅडम. एवढे दिवस तुमच्या हाताखाली आहे, एवढं पण शिकलो नाय का?"

तो थापा मारतो हे तिला नवीन नव्हतं. पण गडी तुटक्या पट्टीवरसुद्धा घट्ट उभा राहिला, तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आई त्या स्लॅबखाली झोपणार होती, आणि हा बसल्या जागी मनाचे आकडे काढत होता!

हितेशने तापलेला कोन पाण्यात बुडवला, चर्र झालं, आणि त्याने तो पुसून तिच्या हातात दिला. तिने फोन टेबलावर ठेवला, स्पीकर लावला, कोनाचं मोठं तोंड फोनवर धरलं आणि लहान तोंडातून बोलली.

"विक्रांत, आवाज येतोय?"

"येतोय मॅडम, पण घुमतोय. कुठे आहात तुम्ही?"

"कोनाच्या तोंडाशी. कोन माझ्याकडे आहे, कॅम्प चारला. सकाळपासून."

 मग तिला त्याच्या मागचं सगळं ऐकू येऊ लागलं. मिक्सरची घरघर. "और पानी छोड, और छोड, माल जाम है," असं कुणीतरी ओरडत होतं. आणि ड्रममध्ये पाइपाने पडणारं पाणी, धो धो.

"ते पाणी बंद कर!" कोन बाजूला फेकून ती किंचाळली. "आधी बंद कर ते पाणी!"

"हो मॅडम," विक्रांत म्हणाला.

पाणी पडतच होतं.